वाचकांचे प्रश्न : डोंगर समुद्रात ओतून बांधलेलं कोबे

मागच्या अंकात जपानच्या बंदरांवर दोन पानं होती, त्यात कोबेच्या वाट्याला एक छोटी चौकट आली आणि तिच्यात "१९९५ च्या भूकंपात मोडलं आणि परत उभं राहिलं" एवढंच होतं. त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर कोबेलाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्याला जेवढं उत्तर लागतं तेवढं दिलंय, त्यामुळे कुठे चार ओळी आहेत तर कुठे पानभर.

प्रश्न : ओसाका एवढं मोठं शहर शेजारीच आहे, व्यापारी शहर आहे, मग मोठं बंदर तिथे न होता कोबेला का झालं? (पुणे)

कारण नदी. ओसाकाच्या तोंडाशी योदो नदी गाळ आणून टाकते, पाणी उथळ, मोठी जहाजं जवळ येऊ शकत नव्हती. कोबेला तसं नाही. मागे रोक्कोचा डोंगर, सगळ्यात उंच शिखर ९३१ मीटर, तो उत्तरेचा वारा अडवतो. पश्चिमेला वादा नावाचं भूशिर समुद्रात घुसलंय, ते नैऋत्येच्या लाटा अडवतं. आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाणी खोल. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जमीन मात्र अगदी चिंचोळी पट्टी, दोन-चार किलोमीटरची. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास तिच्यातूनच निघतो.

जागा चांगली आहे हे फार आधी कळलेलं होतं बरं का. बाराव्या शतकात तैरा नो कियोमोरी या सरदाराने इथलं जुनं बंदर, ओवादा, दुरुस्त करून घेतलं, चीनच्या सोंग राज्याशी व्यापार करायचा म्हणून. लाटा अडवायला समुद्रात भर टाकून एक बेटच केलं. लोककथा अशी की बांध टिकत नव्हता म्हणून नरबळी द्यायचं ठरलं होतं, कियोमोरीने ते थांबवलं आणि माणसांऐवजी दगडांवर बौद्ध सूत्रं लिहून ते दगड पायात घातले. कथा खरी किती ते जाऊ दे, पण समुद्रात भर टाकून जमीन करायची सवय या गावाला आठशे वर्षांची आहे. ११८० मध्ये कियोमोरीने राजधानीसुद्धा इथेच, फुकुहाराला आणली, जेमतेम सहा महिने टिकली.

आताचं बंदर मात्र १ जानेवारी १८६८ चं. १८५८ च्या करारांनी जपानने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, हॉलंड यांना काही बंदरं उघडून द्यायचं कबूल केलं, त्यात ह्योगो (जुन्या ओवादाचंच नंतरचं नाव) होतं, १८६३ ला उघडायचं होतं. पण ते सम्राटाच्या क्योतोपासून फार जवळ, दरबार ऐकेना, मग पाच वर्षं पुढे ढकललं. आणि उघडलं तेव्हाही जुन्या गजबजलेल्या ह्योगो गावात नाही, तर पूर्वेला असलेल्या कोबे नावाच्या छोट्या गावाच्या वाळूवर. परदेशी माणसं गावकऱ्यांपासून लांब राहिलेली बरी हा विचार. त्या वाळूवर जे. डब्ल्यू. हार्ट या इंग्रज इंजिनिअरने १२६ प्लॉटची वसाहत आखली, सरळ रुंद रस्ते, झाडं, विटांची भुयारी गटारं. १८९९ ला ही वसाहत जपानकडे परत आली, आणि तिथल्या विटांच्या गटाराचा तुकडा आजही बघायला मिळतो.

तरी बराच काळ मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकायची आणि माल बार्जमधून यायचा. धक्क्याला जहाज लावून माल उतरवायची खरी सोय झाली ती १९०७ ते १९२२ च्या कामात, शिन्कोचे धक्के बांधले तेव्हा. काँक्रीटच्या भल्यामोठ्या पोकळ पेट्या किनाऱ्यावर ओतायच्या, तरंगत न्यायच्या, जागेवर बुडवायच्या आणि आत वाळू भरायची. इंजिनिअर लोक त्याला केसॉन म्हणतात, भूकंपाच्या प्रश्नात ह्या पेट्या परत येणार आहेत.

अजून एक गोष्ट, जी बंदरांच्या पुस्तकात सहसा येत नाही, ती म्हणजे पाणी. जहाजाला पिण्याचं पाणी भरावं लागतं, आणि कोबेचं डोंगरातून येणारं पाणी विषुववृत्त ओलांडलं तरी नासत नाही अशी खलाशांमध्ये ख्याती होती. १९०० मध्ये नुनोबिकीला जे धरण झालं ते जपानचं पहिलं काँक्रीटचं गुरुत्व धरण, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारं, आजही आहे, शिनकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) स्टेशनामागून चालत जाता येतं.

प्रश्न : आमच्या आजोबांकडून ऐकलंय की वऱ्हाडचा कापूस जपानला जायचा. कोबेशी याचा काही संबंध आहे का? (अमरावती)

आहे, आणि तुमच्या गावाचं नावच त्यात आहे! वऱ्हाड-खानदेशच्या आखूड धाग्याच्या कापसाला मुंबईच्या बाजारात आणि बाहेरही 'ऊमरा' म्हणायचे, अमरावतीवरून. हा कापूस आगगाडीने मुंबईला यायचा आणि तिथून बोटीने कोबेला उतरायचा, पुढे ओसाका आणि आसपासच्या सूतगिरण्यांना.

पण सुरुवातीला अडचण होती ती भाड्याची. मुंबई ते जपान हा मार्ग पी अँड ओ, ऑस्ट्रियन लॉइड आणि इटलीची रुबाटिनो या तीन जहाज कंपन्यांनी मिळून धरून ठेवलेला, भाडं ते सांगतील ते. जमशेटजी टाटा मुंबईत सूतगिरण्या चालवत होते, त्यांना हे खुपत होतंच. तिकडे जपानमध्ये शिबुसावा एइइची नावाचे मोठे उद्योजक सूतगिरण्यांच्या बाजूने तोच विचार करत होते. १८९३ मध्ये दोघांचं बोलणं झालं आणि ठरलं की टाटांनी काही बोटी घालायच्या आणि निप्पॉन युसेन कायशा या जपानी कंपनीने काही. ७ नोव्हेंबर १८९३ ला 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाली. जपानी कंपनीची दूर पल्ल्याची ही पहिली नियमित लाइन, अमेरिका किंवा युरोपची नाही, मुंबईची! मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे टाटांच्या चरित्रात हा प्रसंग दोन ओळींत उरकतात आणि जपानी जहाजउद्योगाच्या इतिहासात मात्र तो सुरुवातीच्या पानावर असतो.

पुढे काय झालं तर पी अँड ओ मंडळींनी भाडं इतकं पाडलं की कुणालाच परवडू नये. टाटा लाइन फार टिकली नाही. जपानी कंपनी टिकली, कारण तिच्यामागे जपानच्या सूतगिरण्या एकत्र उभ्या राहिल्या, आपला कापूस आपल्याच बोटीने आणायचा अशी लेखी हमी त्यांनी दिली, दुसरीकडे स्वस्त मिळत असला तरी. मुंबईच्या गिरणीमालकांनी टाटांच्या मागे तशी एकी दाखवली असती तर काय झालं असतं हा विचार मनात येतोच.

नंतर गोशो, टोयो मेंका अशा जपानी कंपन्यांनी मुंबईत ऑफिसं थाटली आणि त्यांची माणसं थेट जिनिंग-प्रेसिंगपर्यंत येऊन कापूस घ्यायला लागली. तो कापूस कोबेत उतरायचा आणि त्याचंच कापड होऊन परत मुंबईत, आपल्या गिरण्यांच्या कापडापेक्षा स्वस्त. १९३३ ला इंग्रज सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली, तर जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला, आणि त्यात मारला गेला तो कापूस पिकवणारा, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. शेवटी १९३४ ला करार झाला, जपानने कापसाच्या १५ लाख गाठी घेतल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी यार्ड कापड पाठवता येईल असा. तुमच्या आजोबांच्या गोष्टी त्याच काळातल्या असणार. जुन्या पावत्या, गाठींवरचे शिक्के असं काही घरात असेल तर जपून ठेवा.

प्रश्न : डोंगर फोडून समुद्रात बेटं केली असं वाचलं. डोंगर समुद्रापर्यंत नेला कसा, ट्रकने? (ठाणे)

ट्रकने नेला असता तर शहर धुळीने आणि ट्रॅफिकने बेजार झालं असतं. त्यांनी कन्व्हेअर बेल्ट घातला. शहराच्या पश्चिमेला सुमा भागात डोंगर फोडायचे, माती-मुरूम बेल्टवर टाकायचा, बेल्ट बराचसा बोगद्यातून जातो, वर राहणाऱ्याला पत्ताही नाही, आणि थेट सुमाच्या किनाऱ्यावर जेटीशी येतो. तिथे खाली बार्ज लागलेले, ज्यांचा तळ उघडतो. बार्ज भरला की ढकलत जागेवर न्यायचा, तळ उघडायचा, माल खाली. हा बेल्ट १९६४ ला सुरू झाला आणि २००५ ला बंद, म्हणजे चाळीस वर्षं चालला, एकूण लांबी साधारण १४ किलोमीटर.

आणि फोडलेल्या डोंगराची सपाट जागा वाया नाही गेली, तिथे नवीन वसाहती, कारखान्यांच्या जागा झाल्या. एकाच खर्चात दोन जमिनी, वर एक आणि समुद्रात एक. "डोंगर समुद्राला जातो" असं तिथे या कामाला म्हणायचे. ती चिंचोळी पट्टी आठवतेय ना, जमीनच नव्हती, मग दुसरं काय करणार.

पोर्ट आयलंड १९६६ ला सुरू झालं, १९८१ ला पहिला टप्पा संपला, सुमारे ४४० हेक्टर, भर साधारण ८ कोटी घनमीटर. पुढे दक्षिणेला अजून वाढवलं. पूर्वेला रोक्को आयलंड, १९७२ ते १९९२, सुमारे ५८० हेक्टर. कडेला कंटेनर टर्मिनल आणि मध्ये घरं, शाळा, हॉस्पिटल, हॉटेलं, असा दोन्हीचा आराखडा. पैसे उभे करायला कोबे महानगरपालिकेने पश्चिम जर्मनीत मार्कमध्ये कर्जरोखे विकले आणि नंतर बेटावरची जमीन विकून फेडले, त्यामुळे या पालिकेला लोक 'कोबे सिटी कंपनी' म्हणायचे. १९८१ ला बेटावर पोर्टोपिया नावाचं प्रदर्शन भरलं, सहा महिन्यांत १ कोटी ६० लाखांवर लोक आले. त्याच वर्षी शहरातून बेटावर जाणारी पोर्ट लायनर ही ड्रायव्हर नसलेली गाडी सुरू झाली, शहरी वाहतुकीतली अशी ती जगातल्या पहिल्यांपैकी एक. आणि २००६ ला अजून दक्षिणेला आणखी एक बेट करून त्यावर विमानतळ.

एवढं मोठं काम एका शहराच्या पालिकेने केलं हे मला सगळ्यात विशेष वाटतं. १९५१ पासून बंदराचा कारभार कोबे शहराकडेच आहे. आपल्याकडे मोठी बंदरं केंद्राच्या हातात, शहराचं आणि बंदराचं तोंड दोन दिशांना.

प्रश्न : आम्ही किल्लारीच्या भूकंपातले. कोबेच्या भूकंपाबद्दल बातम्यांत पाहिलेलं आठवतं. बंदराचं नेमकं काय झालं, आणि एवढा पुढारलेला देश असून का झालं? (लातूर)

तुमच्याकडचा ३० सप्टेंबर १९९३ चा, कोबेचा १७ जानेवारी १९९५ चा, जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर, आणि दोन्ही पहाटे लोक झोपेत असताना. कोबेला ५ वाजून ४६ मिनिटं झाली होती. केंद्र आवाजी बेटाच्या उत्तर टोकाशी, शहराला खेटूनच, जपानी मोजणीप्रमाणे तीव्रता ७.३. मृत्यू ६,४३४. बरेच जण जुनी लाकडी घरं, वर जड कौलं, ती अंगावर कोसळून गेले, हे तुम्हाला सांगायला नको, दगड-मातीच्या घरांनी तुमच्याकडे काय केलं ते तुम्ही पाहिलंय.

आता बंदर. वर त्या केसॉन पेट्या सांगितल्या ना, कोबेचे बहुतेक सगळे धक्के त्यांचेच होते. समुद्राच्या तळाशी मऊ चिखल असतो, त्यावर एवढी जड पेटी ठेवता येत नाही, म्हणून चिखल उपसून त्या जागी वाळू-मुरूम भरायचे आणि त्यावर पेटी. पेटीच्या मागे पुन्हा भर टाकलेली जमीन. भूकंपात झालं असं की जमीन जोरात हलली, पाण्याने भरलेल्या त्या भरावातल्या कणांची एकमेकांवरची पकड सुटली, आणि काही सेकंद तो भराव घट्ट जमिनीसारखा न राहता दाट द्रवासारखा वागायला लागला. खाली आधार गेला, मागून ढकलणारा जोर वाढला, आणि पेट्या समुद्राकडे सरकल्या, बऱ्याच ठिकाणी तीन मीटर, काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत, वर एक-दोन मीटर खाली बसल्या आणि पुढे कलल्या. मागची जमीन खचली. कंटेनर उचलणाऱ्या मोठ्या गँट्री क्रेन दोन रुळांवर उभ्या असतात, एक रूळ पेटीवर आणि एक मागे. पुढचा रूळ समुद्राकडे गेल्यावर क्रेनचे पाय फाकले आणि वाकले. पोर्ट आयलंडवर जमिनीतून पाणी आणि चिखल उसळून रस्ते बुडाले. बेटाला शहराशी जोडणारा लाल पूल खराब झाला, पोर्ट लायनर बंद पडली ती जुलै अखेरीपर्यंत.

"का झालं" हा तुमचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. भरावासाठी वापरलेला मुरूम हा डोंगरातल्या ग्रॅनाइटची झीज होऊन झालेला, त्यात वाळू होती, खडे होते, अगदी एकसारखी बारीक वाळू नव्हती. तोवर समज असा होता की बारीक एकसारख्या वाळूलाच हा धोका, असल्या मुरुमाला नाही. ती समज कोबेने मोडली. आणि अजून एक गोष्ट दिसली, बेटावर जिथे आधी जमीन ठोकून, कंपन देऊन घट्ट केलेली होती तिथे नुकसान फार कमी. म्हणजे उपाय माहीत होता, पण तो इमारतींखाली काही ठिकाणी केलेला, सगळ्या धक्क्यांमागे नाही. माया धक्क्यावर तीन बर्थ (जहाज लावायच्या जागा) मुद्दाम जास्त भूकंप सोसतील असे बांधलेले होते, ते वाचले, आणि मदत घेऊन येणाऱ्या बोटींना त्यांचा फार उपयोग झाला, कारण जमिनीवरचे रस्ते तर मोडलेले, हानशिन एक्स्प्रेसवेचा ६०० मीटरहून जास्त भाग आडवा पडलेला. तीन बर्थ! शेकडोंमधले तीन. तेवढ्यांनी किती कामं केली याचा विचार केला तर अशा बर्थवरचा जास्तीचा खर्च कुणी उधळपट्टी म्हणू नये असं मला वाटतं, आणि आपल्या किनाऱ्यावर जिथे जिथे भराव टाकून काही बांधायचं चाललंय तिथे हा प्रश्न आधी विचारला पाहिजे, भराव घट्ट कसा करणार आणि किती बर्थ जास्त मजबूत.

बंदराचं नुकसान साधारण एक लाख कोटी येनचं होतं. दोन महिन्यांत थोडी कंटेनर वाहतूक सुरू केली, अर्धवट दुरुस्त धक्क्यांवर, आणि सगळं बंदर मार्च १९९७ पर्यंत, म्हणजे दोनच वर्षांत दुरुस्त. बऱ्याच ठिकाणी सरकलेली पेटी काढत बसले नाहीत, तिच्यापुढे खांबांवरचा किंवा नवीन पेटीचा धक्का बांधला. मेरिकेन पार्कमध्ये मोडलेल्या धक्क्याचा साठ मीटरचा तुकडा तसाच ठेवलाय, कललेले दिव्याचे खांब, फुटलेलं काँक्रीट, खाली पाणी. तुमच्यापैकी कुणी कधी गेलात तर तो जरूर बघा.

प्रश्न : कोबे आता आपल्या न्हावा शेव्यापेक्षा मोठं की लहान? (उरण)

कंटेनरमध्ये मोजलं तर लहान, आणि बरंच लहान. न्हावा शेव्याने २०२४-२५ मध्ये २० फुटी कंटेनरच्या हिशेबाने सुमारे ७३ लाख हाताळले. कोबेचा आकडा २९ लाखांच्या आसपास फिरतो. गंमत बघा, १९८० मध्ये कोबे जगात चौथं होतं, न्यूयॉर्क, रॉटरडॅम, हाँगकाँगच्या नंतर, तेव्हा न्हावा शेवा बंदरच नव्हतं, ते १९८९ ला सुरू झालं. १९९४ मध्येही कोबे सहावं होतं. भूकंपाच्या वर्षी आकडा निम्म्यावर आला आणि १९९४ ची पातळी परत गाठायला २०१७ उजाडलं, तोपर्यंत जग कुठल्या कुठे गेलेलं.

लोक म्हणतात भूकंपाने कोबे संपवलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. कोबेचा बराच धंदा दुसऱ्यांच्या मालाचा होता, म्हणजे चीन, कोरियाचा माल छोट्या बोटीने यायचा आणि इथे मोठ्या जहाजावर चढायचा. दोन वर्षं कोबे अर्धवट बंद, तर तो माल कोरियाच्या बुसानला गेला, तिथे भाडं कमी, रात्रंदिवस काम, आणि एकदा लाइन बसली की कोण परत येतो. पण बुसान आणि चीनची बंदरं तशीही वाढतच होती, जपानचे कारखाने बाहेर जात होते. भूकंप झाला नसता तर हेच सावकाश झालं असतं. आता कोबे आणि ओसाका मिळून हानशिन बंदर म्हणून एकत्र चालवतात, २०१४ ला दोघांची एक कंपनी केली, मोठ्या जहाजांसाठी १५-१६ मीटर खोलीचे बर्थ आहेत. शंभर वर्षं एकमेकांशी स्पर्धा केलेल्या दोन शहरांनी हात मिळवले हे चांगलंच झालं, जरा आधी व्हायला हवं होतं.

प्रश्न : कोबेत भारतीय लोक पूर्वीपासून आहेत का? (डोंबिवली)

हो, चार-पाच पिढ्यांपासून. कापूस, कापड, रेशीम, काडेपेट्या यांचा व्यापार करणारे पारशी, गुजराती, सिंधी, बोहरी. योकोहामालाही बरेच होते, पण १९२३ च्या कांतो भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं आणि त्यातले पुष्कळ कोबेला आले. एका भूकंपाने माणसं दिली आणि दुसऱ्याने धंदा नेला असं या शहराचं झालं. किटानोच्या चढावर १९३५ ला जपानमधली पहिली मशीद झाली, पैसा मुख्यतः भारतीय व्यापाऱ्यांचा, ती १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून आणि १९९५ च्या भूकंपातून दोन्ही वेळा वाचली. जवळच १९८५ चं पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर आहे, कारण कोबे मोत्यांच्या व्यापाराचं गाव आणि त्या धंद्यात जैन कुटुंबं बरीच. शिखांचा गुरुद्वाराही आहे.

या धक्क्याला लागलेल्या भारतीयांची यादी काढली तर तीही मोठी होईल. विवेकानंद ३१ मे १८९३ ला मुंबईहून निघाले, शिकागोच्या वाटेवर कोबेला उतरले आणि देश आतून बघायचा म्हणून योकोहामापर्यंत जमिनीवरून गेले. कॅनडाने परत पाठवलेली कोमागाता मारू १९१४ च्या ऑगस्टमध्ये इथे थांबली होती, पुढे कलकत्त्याजवळ बजबजला गोळीबार झाला तीच बोट. रासबिहारी बोस १९१५ च्या जूनमध्ये 'सानुकी मारू'ने इथेच उतरले, इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथ 'तोसा मारू'ने आले.

प्रश्न : अमेरिकेचे युद्धनौकांचे तळ जपानमध्ये आहेत, कोबेतही आहेत का? (सांगली)

युद्धानंतर बंदराचा मोठा भाग अमेरिकी सैन्याने ताब्यात घेतला होता, तो हळूहळू परत मिळाला, शेवटचा धक्का १९७४ ला. लगेच पुढच्या वर्षी, १८ मार्च १९७५ ला शहराच्या सभागृहाने ठराव केला की कुठल्याही परदेशी युद्धनौकेला यायचं असेल तर अण्वस्त्रं नाहीत असं लेखी द्यावं लागेल. अमेरिका आपल्या जहाजावर काय आहे ते सांगत नाही, त्यामुळे पुढची कित्येक दशकं अमेरिकी युद्धनौका इथे आली नाही. एका पालिकेच्या ठरावात एवढी ताकद आली, कारण बंदर तिच्या हातात होतं. आणि दुसरी बाजू अशी की जपानच्या नौदलाच्या सगळ्या पाणबुड्या याच बंदरात बांधल्या जातात, कावासाकी आणि मित्सुबिशीच्या गोद्यांमध्ये. दोन्ही खरं आहे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. हायड्रोजन जहाजाने आणतात ते कोबेतच ना? (रत्नागिरी)

बरोबर. 'सुइसो फ्रंटियर' हे द्रवरूप हायड्रोजन वाहणारं जगातलं पहिलं जहाज कावासाकीने बांधलं, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ते ऑस्ट्रेलियाहून माल घेऊन कोबेत आलं. विमानतळाच्या बेटावर त्यासाठी टर्मिनल आहे. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रव होतो, आणि मग जागा सुमारे ८०० पटीने कमी लागते. एलएनजी, म्हणजे जहाजाने नेतात तो नैसर्गिक वायू, उणे १६२ लाच द्रव होतो, म्हणजे हे काम किती अवघड आहे बघा, दुहेरी भिंतीची टाकी आणि मध्ये निर्वात पोकळी. टाकी १,२५० घनमीटरची, व्यापारी हिशेबाने लहान, पण चाचणीसाठीच होती. फक्त त्या वेळचा हायड्रोजन लिग्नाइट कोळशापासून केलेला होता हेही लक्षात घ्या, त्यामुळे त्याला लगेच हिरवा म्हणता येत नाही.

प्रश्न : मुलगा ओसाकाला नोकरीला आहे, आम्ही दोघं जाणार आहोत. कोबे बंदर बघायला काय काय आहे आणि एका दिवसात होईल का? (कोल्हापूर)

होईल, अगदी आरामात. ओसाकाहून रेल्वेने सान्नोमिया स्टेशन अर्ध्या तासाच्या आत. तिथून चालत खाली समुद्राकडे निघालात की जुन्या परदेशी वसाहतीतून मेरिकेन पार्कला पोचता. पोर्ट टॉवर दिसेलच, १९६३ चा, लाल पाइपांचा, मध्ये बारीक आणि वर-खाली रुंद, आपल्या डमरूसारखा, १०८ मीटर उंच. दुरुस्तीनंतर २०२४ च्या एप्रिलमध्ये परत उघडलाय आणि आता अगदी वरच्या गच्चीवरही जाता येतं. शेजारी सागरी संग्रहालय आणि तो भूकंपाचा जपून ठेवलेला धक्का. तिथूनच बंदरात फिरवणाऱ्या बोटी सुटतात, पाऊण तासाच्या आसपास, ती फेरी चुकवू नका, कारण गोद्या आणि कधीकधी पाणबुडीसुद्धा फक्त पाण्यावरूनच नीट दिसते.

दुपारी पोर्ट लायनर घ्या आणि पुढच्या डब्यात बसा, ड्रायव्हर नसल्यामुळे समोर मोकळी काच असते, बेट, पूल, कंटेनरच्या रांगा सगळं समोरून येतं. वेळ राहिला तर डोंगराच्या बाजूला स्थलांतरितांचं जुनं केंद्र आहे, १९२८ ची इमारत. २८ एप्रिल १९०८ ला 'कासातो मारू' ७८१ माणसं घेऊन कोबेहून ब्राझीलला निघाली, तिथपासून अनेक वर्षं गरीब शेतकरी कुटुंबं या गावातून दक्षिण अमेरिकेला गेली, नंतरच्या काळात ती आधी या इमारतीत राहायची, तपासण्या व्हायच्या, भाषेचे धडे व्हायचे. परदेशी राहणारा मुलगा असलेल्या आई-वडिलांना ते ठिकाण नक्की भावेल.

आणि रात्रीचा मुक्काम हाताशी असेल तर रोक्को आयलंडवरून संध्याकाळची ओइताची बोट घ्या, ती आकाशी पुलाखालून जाते. १९९८ ला पूर्ण झालेला पूल, मधला गाळा १,९९१ मीटर. तो ठरला होता १,९९० चा, पण मनोरे उभे झालेले असताना भूकंप झाला आणि ते सुमारे मीटरभर लांब सरकले, मग हिशेब बदलून पुढे बांधला. पुलाखालून जाताना डेकवर बाहेर उभे राहा, वारा फार असतो, स्वेटर बरोबर ठेवा, आणि तिकीट मुलाला आधीच बुक करायला सांगा, सुट्टीच्या दिवसांत केबिन मिळत नाही.